मधला रकाना

"हिचं इंग्लिशच कच्चं आहे, मग फ्रेंच कसं जमणार?"

गेली काही वर्षं हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. कुडाळला मी समुपदेशनासाठी बसते तिथे बारावीनंतरची मुलं बरीच असतात. कोणी हॉटेल मॅनेजमेंटला गेलेलं, कोणी पर्यटनाचा कोर्स घेतलेलं, कोणाला जहाजावरच्या किचनमध्ये जायचंय. पहिल्या वर्षाला थोडी फ्रेंच शिकावी लागते आणि तिथे गाडी अडते. आईवडील विचारोत नाहीतर मुलं, वाक्य हेच असतं. म्हणून आज एका मुलीबद्दल लिहिते. तिची आणि तिच्या आईची परवानगी घेतली आहे, नाव-गाव मुद्दाम देत नाही.

मालवणच्या बाजूचं किनाऱ्यावरचं गाव. वडील होडीवर, घरापाठी थोडे माड. मुलीचं सगळं शिक्षण मराठी माध्यमात. आई तिला घेऊन आली ती पोटदुखीची फाईल हातात धरून. दोन डॉक्टर झाले होते, सोनोग्राफी झाली होती, काही निघालं नव्हतं. दुखतं कधी, असं मी विचारलं. मुलगी गप्प. आईच म्हणाली, "मंगळवार इलो काय हेचा पॉट दुखाक लागता."

मंगळवारी कॉलेजात काय असतं?

"फ्रेंच," मुलगी जमिनीकडे बघत म्हणाली. मग थोड्या वेळाने, "माका इंग्लिश धड येणा नाय, फ्रेंच खंयसून येतला? माका ह्यो कोर्सच सोडूचो आसा."

पहिल्या दोन भेटींत मी चुकले, हे सांगायला हवं. मी तिच्या इंग्रजीच्या भीतीवरच बोलत राहिले. रोज थोडं वाच, हळूहळू सुधारेल, कोणी हसलं तर मनावर घेऊ नको. ती मान हलवायची आणि मंगळवारी पोट दुखायचंच. तिसऱ्या भेटीला मी फ्रेंचची वही आणायला सांगितली. कॉलेजात असताना पुण्यात दोन वर्षं मी फ्रेंच शिकले आहे, म्हणून ते सुचलं.

वही दोनशे पानी, अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले तीन रकाने. पहिल्यात फ्रेंच शब्द, मधल्यात इंग्रजी अर्थ, तिसऱ्यात मराठी. वर्गात अर्थ इंग्रजीतून सांगतात, मग घरी येऊन ही डिक्शनरीत त्या इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ शोधते. 'क्वियेर', स्पून, चमचा. 'कुतो', नाइफ, सुरी. इथवर ठीक होतं. पान उलटलं. 'एत्र', टू बी, आणि मराठीचा रकाना रिकामा. पेन्सिलीने काहीतरी लिहून इतक्या वेळा खोडलेलं की कागद झिजला होता. त्याखाली दोन ओळी: 'त्यु', यू, तू. 'वू', यू, तू.

त्या दोन ओळींवर मी बोट ठेवलं तशी ती रडायलाच लागली. वर्गात तोंडी सराव होता. एकेकाने उठून चार वाक्यं बोलायची होती. ही उठली आणि शिकवणाऱ्या बाईंनाच विचारलं, "त्यु वा बियाँ?" म्हणजे, तू बरी आहेस ना? फ्रेंच आधी शिकलेली काही मुलं वर्गात होती, ती हसली. बाई मनाने वाईट नसाव्यात, त्यांनी दुरुस्ती सांगितली आणि पुढच्याकडे वळल्या. पण ज्या मुलीने शाळेतल्या शिपाईकाकांनाही कधी अरे-तुरे केलं नाही, ती रात्रभर जागी होती. "मी बाईंका एकेरी बोललंय," ती मला म्हणाली. मुलं हसली याचं तिला फारसं वाटलं नव्हतं. आपल्याकडून बाईंचा अपमान झाला, हे तिला टोचत होतं.

फ्रेंचमधला 'त्यु' आणि 'वू' हा भेद आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'चाच आहे. मैत्रिणीला, भावाला, लहान मुलाला त्यु. बाईंना, अनोळखी माणसाला, हॉटेलात आलेल्या गिऱ्हाइकाला वू. आपलं 'तुम्ही' जसं एकाला मान देतं आणि चौघांनाही चालतं, तसंच 'वू'चं. आजच्या इंग्रजीत हा भेद उरलेलाच नाही. म्हणजे झालं काय, तर तो मधल्या रकान्यात शिरला आणि तिथेच बुडाला. पलीकडे बाहेर आले ते दोन 'तू'. जी गोष्ट बोलायला लागल्यापासून तिच्या जिभेवर होती, नेमक्या तिथेच ती चुकली, कारण फ्रेंच तिच्यापर्यंत आली ती दुसऱ्याच्या घरातून.

मी तिला पट्टी दिली आणि मधला रकाना खोडायला सांगितला. तिचा हात उचलेना. "बाई वही बघतत," म्हणाली. मग नवी वही कर, दोनच रकान्यांची, आणि ती फक्त तुझी.

त्याच दिवशी आम्ही 'एत्र'चं रिकामं घर भरलं. 'टू बी' म्हणजे काय, हे तिला कोणी सांगूनही कळलं नसतं. पण मी आहे, तू आहेस, तो आहे, आम्ही आहोत, तुम्ही आहात, ते आहेत, हे तिने एका दमात म्हटलं, आणि समोर एकेक मांडलं: ज स्वी, त्यु ए, इल ए, नू सोम, वूझ एत, इल सों. करणाऱ्याप्रमाणे क्रियापद बदलतं याचं मराठी माणसाला नवल वाटायचं कारणच नाही. वय सांगतानाही तेच. वहीत तिने लिहिलं होतं, 'ज स्वी दिझ्वीत', इंग्रजीच्या 'आय अ‍ॅम एटीन'वरून. फ्रेंच माणूस 'मी अठरा आहे' असं म्हणत नाही. तो म्हणतो 'जे दिझ्वीत आँ', माझ्याकडे अठरा वर्षं आहेत. भुकेलाही 'जे फँ', भीतीलाही 'जे पर'. भूक आणि भीती माझ्याकडे असते. आपण 'मला भूक आहे' म्हणतो, त्याच्या हे कितीतरी जवळ आहे. तिच्या चुका मी मोजायला बसले तेव्हा निम्म्याहून जास्त अशाच होत्या, इंग्रजीच्या वाटेने आलेल्या.

लिंगाच्या धड्याला आई आत बसली होती. फ्रेंचमध्ये प्रत्येक नामाला लिंग असतं, 'तो'ला 'ल' आणि 'ती'ला 'ला' लावायचं. इंग्रजीतून येणाऱ्याला टेबलाला लिंग कशाला, हेच आधी पटत नाही. आपल्याकडे वाटी ती, टोप तो आणि ताट ते, हे कोणाला शिकवावं लागत नाही. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे 'ता' खंय गेला?" मालवणीतलं 'ता' म्हणजे आपलं 'ते'.

मला त्या प्रश्नाचं फार कौतुक वाटलं. खरंच होतं 'ते' त्यांच्याकडे. फ्रेंच ज्या लॅटिनमधून आली तिच्यात आपल्यासारखी तिन्ही लिंगं होती. पुढे नपुंसकलिंग मोडलं आणि त्यातले बरेचसे शब्द पुल्लिंगात गेले. समुद्राचा लॅटिन शब्द 'मारे' नपुंसक होता, तो मात्र फ्रेंचमध्ये 'ला मेर' झाला, ती. आईला मी म्हटलं, तुम्ही मुलीला 'चेडू इला' म्हणता, तेव्हा 'ता' लावता म्हणून ती काही वस्तू होत नाही. लिंग शब्दाला असतं. फ्रेंचमध्ये 'पेर्सोन' म्हणजे व्यक्ती, आणि ती व्यक्ती मिशीवाला पुरुष असला तरी शब्द स्त्रीलिंगीच.

इथे एक इशारा द्यायला हवा. लिंग असतं ही कल्पना मराठीतून मिळते, पण कुठल्या शब्दाचं कोणतं हे मिळत नाही. मासा तो, 'ल प्वासों'ही तो. कोळंबी ती, 'ला क्रवेत'ही ती. पण आंबा तो आणि 'ला मांग' ती. साखर ती आणि 'ल स्युक्र' तो. चंद्र तो आणि 'ला ल्यून' ती. जुळणारे शब्द निळ्या शाईत, उलटे पडणारे लाल शाईत, असं तिनेच ठरवलं. आणि शब्द कधी सुटा पाठ करायचा नाही, 'ल' किंवा 'ला' त्याच्या नावाचाच भाग समजायचा. हे सुरुवातीला केलं नाही तर पुढे विशेषणं चुकत राहतात, कारण चांगला-चांगली जसं नामाप्रमाणे बदलतं तसंच तिथे 'बों' आणि 'बोन'.

उच्चारांत तर ती वर्गातल्या पुष्कळांच्या पुढे निघाली. फ्रेंचमध्ये नाकातून काढायचे स्वर आहेत. 'बों'मध्ये न पूर्ण उच्चारायचा नाही, नुसता स्वर नाकात न्यायचा. शहरातली मुलं 'बॉन' म्हणून मोकळी होतात. ही मुलगी दिवसभर घरी 'खंय' आणि 'थंय' म्हणते. प्रमाण मराठीच्या बोलण्यातून जे अनुनासिक स्वर बरेचसे गेले, ते मालवणीने जपून ठेवले आहेत. शाळेत ज्या बोलीबद्दल तिला 'नीट बोल' असं ऐकावं लागलं होतं, तिनेच तिला हे दिलं. 'पँ' म्हणजे पाव, हे तिने पहिल्या खेपेला इतकं स्वच्छ म्हटलं की मी तिला तीनदा म्हणायला लावलं.

शब्दाच्या शेवटची व्यंजनं बहुधा उच्चारत नाहीत, हा नियम तिला जड जात होता. "लिवतत तर मगे बोलनत कित्याक नाय?" असा तिचा रास्त सवाल. मी विचारलं, कॉलेजला कशाने येतेस? एस.टी.ने. कुठे उतरतेस? डेपोत. डेपोचं इंग्रजी स्पेलिंग लिही. तिने लिहिलं आणि शेवटच्या टी-कडे बघत राहिली. तो शब्द फ्रेंचमधूनच इंग्रजीत आणि तिथून आपल्याकडे आलाय, आणि तो टी न उच्चारायची शिस्त अख्खं कोकण रोज पाळतं.

सगळंच असं हाती लागलं नाही. 'त्यु'मधला स्वर, जीभ 'ई'च्या जागी आणि ओठ 'ऊ'सारखे, हा आपल्याकडे नाहीच. तो तिला अजून नीट येत नाही. घशातला र सुद्धा नाही. त्याला रोज पाच मिनिटं आरशासमोर उभं राहण्यावाचून दुसरा उपाय मला माहीत नाही.

दोन महिन्यांनी बाईंशी तिने स्वतः बोलावं असं आमचं ठरलं. काय बोलायचं ते आम्ही आधी लिहून काढलं, दोनदा म्हणून पाहिलं. त्या दिवशी पोट दुखलं, तरी ती गेली. बाईंना तो प्रसंग आठवतही नव्हता. हे ऐकून तिला हलकं वाटेल असं मला वाटलं होतं, तसं लगेच झालं नाही. उलट एक दिवस ती चिडली होती, की मी इतकं सोसलं आणि त्यांना आठवतही नाही. तो रागही मला बरा वाटला. त्यानंतर मंगळवार हळूहळू इतर वारांसारखा झाला.

पालक मला विचारतात, मग इंग्रजी नकोच का? हवी, नोकरीत लागेलच. पण ती फ्रेंचचा उंबरठा नाही. डेल्फ नावाची फ्रेंचची परीक्षा जगभर मानली जाते. तिची पहिली पायरी ए-वन. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण, पास व्हायला १०० पैकी ५० आणि प्रत्येक भागात निदान ५. सूचनांपासून उत्तरांपर्यंत सगळं फ्रेंचमध्ये, इंग्रजीचा एक शब्द लागत नाही. आणि शंभर वर्षांपूर्वी मराठी भाषा कशी घडली यावर ज्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने मोठा ग्रंथ लिहिला, तो फ्रेंचमध्येच. या दोन भाषांमध्ये थेट रस्ता आहे, तो कोणीतरी आधी चालून गेलेलं आहे.

प्रत्येकाला मी कोर्स सोडू नको असं सांगत नाही. किचनमध्ये उभं राहणंच ज्याला आवडत नाही अशा एका मुलाला मी स्वतः बाहेर पडायला मदत केली. हिला किचन मनापासून आवडत होतं. 'सोते' म्हणजे थोड्या तेलात परतणं आणि 'ज्युलियेन' म्हणजे भाजी बारीक लांब चिरणं, हे शब्द तिला पहिल्या आठवड्यापासून येत होते, कारण ते कढईवर आणि सुरीखाली शिकली होती, मधल्या रकान्यातून नाही.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला, आकडे घोटत होती. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार-वीस' आणि नव्वद म्हणजे 'चार-वीस-दहा', आणि हे सगळ्यांनाच वेड लावतं. त्या दिवशी घरी पाडेली, म्हणजे माडावरून नारळ पाडणारा, येऊन गेला होता. आजी अंगणात नारळांचे ढीग लावत होती, तिला नव्वद म्हणायची सवयच नाही. "चार विसा नि धा," आजी म्हणाली. ही पायरीवर पुस्तक घेऊन बसली होती, ती ओरडली, "आजी, कात्र-वँ-दिस!" आणि मग तिला अर्थ सांगितला.

आजीने पुढचा नारळ उचलला. "मगे? मी काय वेगळा सांगतंय?"