चार वर्षं एक्का होतो, यंदा बेसला उभा केलाय

"मावशी, मी १८ वर्षांचा. चौदा पूर्ण झाल्यापासून आमच्या गोविंदा पथकात सगळ्यात वरचा एक्का मीच. यंदा वजन वाढलं म्हणून गुरुपौर्णिमेच्या सरावालाच सर बोलले, आता तू बेसला. खाली मान घालून उभं राहायचं, हंडी फुटलेली पण दिसत नाही, फोटोत डोकंसुद्धा येत नाही. माझ्या जागी आलेलं पोरगं परवा डगमगलं तेव्हा एक सेकंद वाटलं, पडू दे. तेव्हापासून झोप लागत नाहीये. दुसऱ्या पथकाने चौथ्या थरासाठी विचारलंय. जाऊ का? – जुना एक्का"

अरे बाळा, पहिलं त्या 'पडू दे' वर बोलते, कारण दुसऱ्या पथकाचं वगैरे सगळं त्याच्या नंतरचं आहे. मनात आलं म्हणून तू वाईट मुलगा होत नाहीस. चार वर्षं जी जागा तुझी होती तिथे दुसरं कोणी दिसलं की पोटात खड्डा पडतोच, आणि तुझी झोप उडाली यातच कळतं की तुला ते पोरगं पडायला नकोय. पण एक गोष्ट मी तुला स्पष्ट सांगणार, ज्या दिवशी मन असं असेल त्या दिवशी थरात उभा राहू नकोस. सरांना सांग आज बरं वाटत नाहीये, बाजूला बस, बाकीच्यांना पाणी दे. कारण खालचा एक खांदा जरा ढिला पडला की त्याच्यावरच्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो, हे तुझ्याइतकं कोणाला माहितीये? तू वरून अनुभवलंयस ते.

आता बेसबद्दल. माझा धाकटा भाऊ गिरगावात बरीच वर्षं पहिल्या थरात होता. आम्ही बायका चाळीच्या गॅलरीतून बादल्याच्या बादल्या पाणी ओतायचो आणि हा संध्याकाळी घरी यायचा तेव्हा खांद्यावर टाचांचे वळ असायचे, आई हळदीचा लेप लावत बसायची. मी विचारायचे काय रे, कशी फुटली हंडी, तर म्हणायचा मला काय माहीत, डोक्यावर दही आणि खापऱ्या पडल्या तेव्हा कळलं. पण पोरगं कुठल्या बाजूनं उतरलं, कुणाच्या खांद्यावर पाय घसरला, मग कोणी धरलं, हे सगळं मात्र तो न बघता सांगायचा, नुसत्या खांद्यावरच्या वजनावरनं! हंडी फुटली की लोकांचं लक्ष उडतं, नाच सुरू होतो, पण थर उतरवायचे बाकी असतात ना, आणि तेव्हा बेसवाल्याला हलता येत नाही, शेवटचा माणूस जमिनीवर येईपर्यंत नाही. माझ्या मते टीम काय असते ते त्या दोन मिनिटांत दिसतं. वर चढताना सगळा जमाव तुमच्या बाजूनं ओरडत असतो, उतरताना फक्त पथक असतं.

फोटोचं दुःख मला कळतं, ते खोटं नाहीये. पण एक सांग, २०१२ ला ठाण्यात जय जवाननं नऊ थर लावले, ४३.७९ फूट, गिनीज बुकात गेले, आणि २०२५ ला ठाण्यातच कोकण नगरनं दहा थर लावले. दोन्ही पथकांची नावं तुला पाठ असणार. सगळ्यात वर कोण होतं त्याचं नाव किती लोकांना सांगता येईल? लोक पथकाचंच नाव घेतात, आणि त्या नावात तुझ्यासारखे बेसवाले पण आले आणि बाहेरून रेटा देणारे पण आले.

शिवाय वरची जागा कोणाचीच कायमची नसते. १४ वर्षांच्या खालच्याला चढवायचं नाही हा नियम, आणि अंग भरलं की वर जाता येत नाही, म्हणजे एका मुलाला मिळतात जेमतेम तीन-चार वर्षं. तुला ती पूर्ण मिळाली. २०२२ पासून आपण याला साहसी खेळ म्हणतोय तर खेळाडूची जागा बदलणार हे पण आलंच की.

दुसऱ्या पथकाचं म्हणशील तर जा, पण गोपाळकाला झाल्यावर. आत्ता नको. उंची बघून, खांदे जुळवून तुमच्या जोड्या लागल्यात, महिनाभर सराव झालाय, आत्ता तू निघालास तर तुझ्या जागी घाईघाईत कोणीतरी उभा करतील आणि धोका वरच्या त्या पोराला. नंतर मात्र शांत डोक्यानं ठरव, तुला चौथा थर खरंच खेळायचा असेल तर सरांशी सरळ बोल, चोरून जाऊ नकोस.

आणि त्या पोराशी एकदा बोल रे. ते का डगमगलं ते तुला दिसलं असणार, पाय कुठे ठेवायचा, नजर कुठे ठेवायची, हे तुझ्याइतकं नीट त्याला सर पण सांगू शकणार नाहीत कारण तिथे अलीकडे तूच उभा होतास.

अजून एक काम. तू वर असताना बेसला जे दादा होते, त्यातले एक-दोन अजून पथकात असतीलच. येत्या रविवारी सरावाला जरा लवकर जा, त्यांच्याजवळ बस आणि विचार, दादा, मी वर असताना तुम्हाला काय वाटायचं? ते काय म्हणाले ते मला लिहून कळव, मी वाट बघते.

– मावशी