बदली होऊन कुटुंबासह सोलापूरला येतोय. शहर सुरक्षित आहे का? तिथल्या राजकारणाचा रोजच्या जगण्याला त्रास होतो का?

तुम्ही लिहिलंय की बायको आणि अकरावीतली मुलगी सोबत आहे, आणि बातम्या वाचून धास्ती वाटते. मी जन्मापासून सोलापूरची. पूर्व भागात राहते आणि अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या पेढीवर हिशेब लिहिते. जुळे सोलापूर या नव्या वसाहतीतला माणूस कदाचित तुम्हाला वेगळं सांगेल, पण माझं असं आहे.

आधी सरळ उत्तर देते. इथे माणसांची भीती फारशी वाटत नाही. भीती वाटते ती वायरीची, डंपरची आणि कुलूप घातलेल्या ग्रीलची. गंमत अशी की निवडणुकीत सगळे पक्ष बोलतात ते माणसांच्या भीतीबद्दल. यांच्यापासून सावध राहा, त्यांच्यापासून सावध राहा. वायरीपासून सावध राहा असं म्हणत कुणी मत मागायला आलेलं मला आठवत नाही.

मुलीच्या काळजीचं म्हणाल तर आमच्या भागात बायका रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर असतात. त्याचं एक कारण पाणी आहे. उजनी धरणातून शहराला पाणी येतं, पण घरच्या नळाला रोज येत नाही. तीन-चार दिवसांनी येतं, उन्हाळ्यात त्याहून लांबतं, आणि कधी येईल त्याची वेळ नक्की नसते. रात्री एक वाजता पाणी सुटलं की अख्खी गल्ली उठते. दिवे लागतात, मोटारी सुरू होतात, बायका पदर खोचून दारात येतात, पोरं पाइप धरून उभी असतात. अशा गल्लीत परका माणूस घुटमळला तर दहा जणी विचारतात, "काय ओ, कुणाकडं आलाय?" आमच्याकडे रात्रीची गस्त पोलिसांपेक्षा नळच जास्त घालतो.

पण हाच नळ घातही करतो. पाण्याला दाब नसतो म्हणून लोक नळाला थेट मोटर लावतात. ओली फरशी, टेप गुंडाळलेली वायर, अर्थिंगचा पत्ता नाही आणि माणूस अर्धवट झोपेत. शिवाय तीन-चार दिवस रिकाम्या राहिलेल्या पाइपात बाहेरची घाण ओढली जाते, म्हणून पहिलं पाणी सोडून द्यावं लागतं. नव्या माणसाला हे माहीत नसतं आणि तो कौतुकाने पहिलीच कळशी देवघरात ठेवतो. पाणी रोज येत नाही म्हणून बॅरल भरून ठेवायचे, आणि डेंग्यूचा डास नेमका असल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. मग फवारणीचा माणूस येतो, फोटो काढतो, जातो. राजकारणाचा त्रास होतो का, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते राजकारण आमच्या घरात या बॅरलमधून शिरतं. समांतर जलवाहिनीचं, म्हणजे उजनीहून शहरापर्यंतच्या दुसऱ्या पाइपलाइनचं, आश्वासन मी इतक्या सभांमध्ये ऐकलंय की तो विषय निघाला की आमच्या पेढीवरचे हमालसुद्धा हसतात.

मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि मतदान झालं थेट 15 जानेवारी 2026 ला. मधली जवळपास चार वर्षं शहराला नगरसेवकच नव्हता, सगळा कारभार प्रशासकाच्या हातात. तुम्हाला वाटेल लोकांचं फार अडलं असेल. आमच्या गल्लीचं म्हणाल तर तसं दिसलं नाही. लोक 'माजी'कडे जात राहिले. माजी नगरसेवक झोन ऑफिसला फोन करायचा, झोन ऑफिसवाला चावीवाल्याला, म्हणजे गल्लीचं पाणी सोडणाऱ्या माणसाला, आणि चावीवाला म्हणायचा, "ताई, आज लेट हाय, टाकीच भरली न्हाई." जे पूर्वी व्हायचं तेच झालं आणि जे पूर्वी व्हायचं नाही ते तेव्हाही झालं नाही. त्या काळात मला कळलं की आपण नगरसेवकाला निवडून देतो ते बहुधा फोन लावायला. अर्थसंकल्पात कुठला पैसा कुठे गेला हे त्याला कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलेलं नाही, आणि हिशेब लिहिणं तर माझा धंदा आहे.

आता आगीचं. 18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. मालक, त्यांच्या घरची माणसं, त्यात एक तान्हं लेकरू, आणि तिथेच राहणारं एक कामगार कुटुंब. कारखाना आणि राहणं एकाच इमारतीत होतं. ती बातमी देशभर दोन दिवस चालली. आम्ही जे या धंद्यात आहोत त्यांना मात्र प्रत्येकाला आपापली इमारत आठवली. सोलापुरात माग आणि घर वेगळं नसतंच. पूर्व भागात पुढच्या खोलीत यंत्रमाग, मागे स्वयंपाकघर, वर झोपायची जागा, आणि जिन्यात सुताची पोती. हवेत तूस, म्हणजे सुताचे बारीक तंतू, उडत असतं, ते बोर्डावर, पंख्यावर, वायरीवर बसतं. एक ठिणगी पुरते. वर चोरी नको म्हणून खिडक्यांना ग्रील आणि ग्रीलला कुलूप. चोर येईल या भीतीने आपण बाहेर पडायची वाट बंद करून झोपतो. चोर तर वर्षानुवर्षं आलेला नाही.

यासाठी कायदा नाही असं नाही. महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार आगीची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. त्याला बी फॉर्म म्हणतात. आमच्या लाइनीत बी फॉर्म म्हणजे काय हे विचारलं तर निम्मे लोक निवडणुकीतला एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीचा कागद, समजतील. तो कुणाला मिळाला, कुणाचा कापला, हे मात्र चहावाल्यालाही तोंडपाठ असतं. त्या दुर्घटनेनंतर आमच्या पेढीवर आग विझवायचे दोन सिलिंडर आले. ते कसे वापरायचे हे दाखवायला आजतागायत कुणी आलेलं नाही. मालकांना मी दोनदा आठवण केली. "बघू की" म्हणाले. सोलापुरात "बघू की" म्हणजे विषय संपला.

रस्त्याचं थोडक्यात. सिटी बस नावापुरती उरली आहे. बस नाही म्हणून शेअर रिक्षा, रिक्षात कोंबून बसायला नको म्हणून अकरावीच्या पोरीच्या हातात स्कूटी. तुमची मुलगी महिनाभरात मागणारच, "सगळ्या मैत्रिणींकडे आहे" म्हणून. देऊ नका. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडापेक्षाही, ज्या रस्त्यावरून ती जाणार तिथे तिच्या शेजारून बारा चाकी ट्रेलर जातो, ते बघा. हैदराबाद, विजापूर, पुणे, सगळीकडचा माल सोलापूरवरूनच जातो आणि जड वाहनं शहरात शिरतात. हिवाळ्यात त्यात उसाचे ट्रॅक्टर येतात. एकामागे एक दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि टेप इतका मोठा की मागून हॉर्न दिलेला ड्रायव्हरला ऐकूच जात नाही. हा साखर कारखान्यांचा जिल्हा आहे आणि कारखाने राजकारण्यांच्या हातात आहेत. हंगामाच्या आधी प्रत्येक ट्रॉलीला लाल कापड आणि दिवा लागल्याशिवाय ऊस घेणार नाही, एवढं एक चेअरमनने ठरवलं तर काय बिघडेल? पण ऊस दुसऱ्या कारखान्याला जाईल ना.

अपघात दिसला तर थांबा, घाबरू नका. इथे अजून लोक म्हणतात की जखमीला सिव्हिलला नेलं तर पोलिसांचं लफडं मागे लागतं. तसं राहिलेलं नाही. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. मदत करणाऱ्यावर त्यासाठी गुन्हा लागत नाही, आणि नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. 112 लावा आणि गाडी थांबवा.

आवाजाबद्दल लिहिल्याशिवाय सोलापूर पुरं होणार नाही. इथे जयंत्या, उत्सव, मिरवणुका वर्षभर चालतात, आणि डीजेची भिंत समोरून गेली की खिडकीच्या काचा हलतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं. नियम 2000 सालापासून आहे. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद, वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस 12 पर्यंत सवलत, आणि राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबलची मर्यादा. 55 डेसिबलला तर आमच्याकडचा एक माग बंद पाडावा लागेल, ते सोडा. मुद्दा असा की डीजेच्या बाबतीत इथले सगळे पक्ष, सगळे समाज एक आहेत. दुसऱ्याचा वाजला तर आपलाही वाजणार. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पुढारी त्या भिंतीसमोर एकाच तालावर हात वर करून नाचतात.

आणि तेच सोलापूर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या जत्रेत, बघा. सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या मानाच्या काठ्या, डोक्याच्या कितीतरी वर जाणाऱ्या, जड, आणि त्या पेलणारे बाराबंदी हा पारंपरिक पांढरा पोशाख घातलेले भक्त. अरुंद पेठांतून, लाखांच्या गर्दीतून मिरवणूक शहरातल्या अडुसष्ट शिवलिंगांना जाते. पेलणारे आधी कित्येक दिवस रात्री सराव करतात. कुणी कुठे वळायचं, कुणी खांदा द्यायचा, हे ठरलेलं असतं. गणपतीत लेझमाचे ताफे निघतात तिथेही तसंच. म्हणजे शिस्त या गावाला येत नाही असं नाही. जिथे आपली इज्जत आहे असं वाटतं तिथे ती येते, आणि बोर्डावरच्या तुसात कुणाची इज्जत अडकलेली नसते.

माणसांची भीती वाटत नाही असं मी वर म्हटलं. ते शेजारच्या माणसाबद्दल खरं आहे. आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं चालतं, आणि पाण्याच्या रात्री कुणी कुणाची जात विचारत नाही, नंबर विचारतं. पण फोनमधला माणूस वेगळा. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे, आणि त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. कारण काय तर व्हॉट्सॲपवर फिरणारी एक अफवा. मारणाऱ्यांना ते कोण हे माहीत नव्हतं. आणि आमच्या गल्लीच्या ग्रुपवर अजूनही दर दोन-चार महिन्यांनी "मुलं पळवणारे शहरात आलेत, सावध राहा" असा निरोप येतो, पुढे हात जोडलेले. पाठवणारे चांगले लोक असतात, वेळेला धावून येणारे. मी प्रत्येक वेळी खाली राईनपाडा एवढंच लिहिते. दोघा-तिघांनी मला त्यावरून सुनावलं की तू वातावरण खराब करतेस. तुम्ही बातम्यांना भिऊन प्रश्न विचारलात, म्हणून सांगते. या शहरात मला जी गर्दी भीतीदायक वाटते ती आधी मोबाइलमध्ये जमते.

आता तुमच्या कामाचं. घर बघायला याल तेव्हा गॅलरी कुणीकडे आहे ते नंतर बघा. मीटरचा बोर्ड जिन्याखाली आहे का आणि त्याच्यापुढे काय रचून ठेवलंय ते आधी बघा. ग्रीलला आतून उघडणारं दार असेल अशीच खोली घ्या, नसेल तर मालकाकडून करून घ्या, अॅडव्हान्स द्यायच्या आधी. ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप पुरवठा तोडणारी कळ, बसवलेली नसेल तर स्वतःच्या खर्चाने बसवा, महाग नसते. खाली गोदाम असलेल्या इमारतीत भाडं कमी सांगतील, तिकडे जाऊ नका. पाणी कोणत्या वारी येतं हे मालकाला विचारू नका, तो "रोज" म्हणेल. शेजारणीला विचारा. आता बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक आहेत, चौघांचेही नंबर घेऊन ठेवा. चावीवाल्याचा नंबर कुणी सहजासहजी देणार नाही, तोही शेजारणीकडेच मिळेल.