मंडळाच्या ग्रुपवरची चेष्टा आणि मुलीची कबड्डी

क्रीडा मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुलांना त्रास होऊ लागला की बहुतेक पालक मला एकच प्रश्न विचारतात : मोबाइल काढून घ्यावा, की मंडळच सोडायला लावावे? अलिबागजवळच्या एका गावातील आई हाच प्रश्न घेऊन आली, तेव्हा तिच्या पंधरा वर्षांच्या मुलीने सरावाला जाणे बंद केले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो. नाहीतर चढाई करणारा बाद होतो. अशाच एका चढाईत ही मुलगी पकडली गेली आणि सामना हातचा गेला. मंडळातल्याच दोन मुलांनी त्या क्षणाच्या व्हिडिओतून ती तोंडावर पडतानाचे स्टिकर बनवले, आणि पुढे ‘उद्या सराव सहा वाजता’ या प्रशिक्षकांच्या निरोपाखालीसुद्धा ते येऊ लागले. ते बनवणाऱ्यांपेक्षा त्यावर हसणाऱ्या स्वतःच्या संघातील मुलींचे तिला अधिक लागले होते.

आईला मी सांगितले, “ताई, मोबाइल काढून घेतलात तर स्टिकर थांबणार नाही, फक्त तिला सरावाची वेळ कळणार नाही. मंडळ सोडायला लावलेत तर चूक तिचीच होती, असे तिला वाटेल.” त्याऐवजी तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक दिसेल असे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत, ग्रुपवर उत्तर देऊ नये आणि मुलीची संमती घेऊन प्रशिक्षकांना समक्ष भेटावे, असे आम्ही ठरवले.

मंडळाचे अध्यक्ष प्रथम म्हणाले, की कोण काय टाकतो याला अ‍ॅडमिन जबाबदार नसतो. सदस्याच्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन असल्यामुळे कुणी दोषी ठरत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला आहे, हे खरे; पण ज्या मंडळाच्या भरवशावर पालक मुलांना संध्याकाळी मैदानावर पाठवतात, त्याची जबाबदारी न्यायालयातील दोषापाशी संपते असे मला मुळीच वाटत नाही. हे प्रशिक्षकांना लगेच पटले. ग्रुपवरून काढलेले स्टिकर इतरांच्या मोबाइलमध्ये जपलेले राहते, म्हणून त्यांनी प्रत्येकाला ते आपापल्या मोबाइलमधून काढायला लावले, ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील अशी सोय केली आणि त्या दोन मुलांशी त्यांच्या पालकांसमोर बोलले. सर्वांसमोर माफी मागायला लावण्याचा आग्रह मात्र मी मोडून काढला, कारण त्यामुळे मुलगी पुन्हा सगळ्यांच्या नजरेत आली असती.

प्रकरण धमकीपर्यंत किंवा अश्लील, बनावट छायाचित्रांपर्यंत गेले असते, तर मंडळाच्या बैठकीची वाट न पाहता पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करायला मी सांगितले असते. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि मानसिक आधारासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे क्रमांकही मी आईला लिहून दिले.

मुलगी सरावाला परतली, पण तिसऱ्या चढाईची वेळ आली की मागे सरकत असे. संघातील मुली तिच्याशी आपणहून बोलू लागल्यावर ती भीती कमी होत गेली; आमच्या भेटी अजून चालू आहेत.