मोठ्या मूळ संख्या: वाचकांच्या शंकांना उत्तरे

प्रश्न: सर्वांत मोठी मूळ संख्या कोणती?

अशी संख्या नाही. मूळ संख्या अनंत आहेत, हे युक्लिडच्या काळापासून सिद्ध आहे. हे लिहीपर्यंत ज्ञात असलेल्यांत सर्वांत मोठी म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, जी ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली आणि जिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत.

प्रश्न: तिचा शेवटचा अंक संगणकाविना काढता येईल का?

येईल. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरतात आणि या घातांकाला ४ ने भागल्यास बाकी १ उरते. म्हणून घाताचा शेवटचा अंक २ आणि आपल्या संख्येचा १.

प्रश्न: घातांक मूळ असला की २ चा तो घात वजा १ ही संख्याही मूळच असते ना?

नाही. ११ मूळ आहे, पण २०४७ म्हणजे २३ × ८९.

प्रश्न: माझी शंभर अंकी संख्या फर्माच्या कसोटीला उतरली. ती मूळ असल्याचे जाहीर करू का?

कृपया करू नका. हा प्रश्न मला वारंवार येतो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी ‘कसोटीला उतरली म्हणजे झाले’ असे सांगितलेले असते. ‘न’ ही विषम मूळ संख्या असेल, तर २ च्या (‘न’ − १) व्या घाताला ‘न’ने भागून बाकी १ उरते (हीच फर्माची कसोटी), हे खरे. परंतु याचा व्यत्यास खरा नाही. ३४१ ही संख्या या कसोटीला उतरते आणि तरीही ती ११ × ३१ आहे. पाया (म्हणजे ज्याचा घात घेतो तो २) बदलून पाहावा, तर ५६१ (३ × ११ × १७) तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या प्रत्येक पायाला फसवते. मिलर–राबिन कसोटीत (फर्माच्या कसोटीचे अधिक कडक रूप) विषम संयुक्त संख्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश पायांना चकवू शकते, म्हणून अनेक यादृच्छिक पाये घेतल्यास चुकीची शक्यता नगण्य होते. पण नगण्य म्हणजे शून्य नव्हे, आणि अशा संख्येला ‘संभाव्य मूळ’च म्हणावे. वर सांगितलेली विक्रमी संख्याही प्रथम संभाव्य म्हणूनच पुढे आली होती आणि ल्युका–लेमर कसोटीने (‘२ चा घात वजा १’ अशा संख्यांसाठीची निर्णायक कसोटी) सिद्ध झाल्यावरच जाहीर झाली. ही कसोटी १२७ वर (२ चा ७ वा घात वजा १) हातानेही करता येते: ४ पासून आरंभ करून दर वेळी वर्गातून २ वजा करावेत व १२७ ने भागून बाकी घ्यावी. ४, १४, ६७, ४२, १११, ० अशी पाच पायऱ्यांनी शून्य येते आणि प्रश्न मिटतो. आपली संख्या ‘२ चा घात वजा १’ या घराण्यातली नसल्यास लंबवर्तुळी वक्रांवर आधारित सिद्धता-प्रणाली वापरावी आणि निष्कर्ष संख्याशास्त्राच्या नव्हे, अंकसिद्धांताच्या जाणकाराला दाखवावा.

प्रश्न: ‘जगातील सर्वांत मोठ्या मूळ संख्येवर आधारलेले अभेद्य सांकेतीकरण’ विकत घ्यावे का?

जी संख्या साऱ्या जगाला ठाऊक आहे, ती गुपित काय राखणार? आरएसए या प्रचलित सांकेतीकरण पद्धतीची २०४८ बिटांची किल्ली सुमारे ३०९ अंकी दोन गुप्त मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनते. त्या संख्या यादृच्छिक हव्यात, कारण दोन किल्ल्यांत एक मूळ संख्या सामाईक निघाली, तर केवळ मसावि काढून दोन्ही उघडतात. अशा किल्ल्या प्रत्यक्ष वापरात असल्याचे संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले आहे. जाहिरात बाजूला ठेवा, आपली प्रणाली स्वतंत्र सुरक्षातज्ज्ञाकडून तपासून घ्या आणि किल्ल्या अजून १०२४ बिटांच्या असतील तर हे काम पुढे ढकलू नका.