वाचकांचे प्रश्न : टूम्बस्टोनची चकमक, पडद्यावरची आणि घडलेली

प्रश्न : जॉन फोर्ड यांचा ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ (१९४६) हा चित्रपट नुकताच पाहिला. अमेरिकेतील ॲरिझोनातल्या टूम्बस्टोन गावी १८८१ साली झालेल्या बंदुकीच्या चकमकीत वायट अर्प यांचा सहभाग होता; त्यांनी स्वतः सांगितलेली तिची हकिगत आपण जशीच्या तशी चित्रित केली, असे फोर्ड म्हणत. मग हा चित्रपट इतिहास म्हणून ग्राह्य धरावा काय? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : इतिहास म्हणून तो ग्राह्य धरता येणार नाही, आणि हे त्या चित्रपटावर मनापासून प्रेम करणारा प्रेक्षक म्हणूनच मी लिहीत आहे. अर्प १९२९ साली लॉस एंजेलिस येथे वारले आणि उतारवयात त्यांची हॉलिवूडमधील मंडळींशी ओळख होती, त्यामुळे त्यांची व फोर्ड यांची भेट झाली असणे सहज शक्य आहे. परंतु पटकथेचा आधार होता अर्प यांच्या निधनानंतर, १९३१ साली, प्रसिद्ध झालेले एक चरित्र, आणि त्या चरित्रात कल्पनेची भर पुष्कळ आहे.

धाकटा भाऊ जेम्स याच्या कबरीपाशी वायट बसतो, तो प्रसंग आपल्याला आठवत असेल. तेथील फलकावर १८६४ ते १८८२ अशी साले दिसतात आणि अठराव्या वर्षी क्लँटन घराण्याकडून मारल्या गेलेल्या या मुलासाठी आपला जीव हळहळतो. प्रत्यक्षातले जेम्स अर्प वायटपेक्षा वयाने मोठे होते, अमेरिकन यादवी युद्धात जखमी झाले होते आणि १९२६ सालापर्यंत जगले. म्हणजे भावाच्या खुनाच्या ज्या सूडावर चित्रपटाची सारी कथा उभी आहे, त्याला मुळातच आधार नाही. वायट यांचे मित्र डॉक हॉलिडे चित्रपटातल्यासारखे शल्यविशारद नव्हे, तर दंतवैद्य होते; त्यांचा क्षयरोग मात्र खरा होता आणि त्यानेच १८८७ साली कोलोरॅडोत त्यांचा अंत झाला. चित्रपटात शेवटच्या चकमकीत पडणारे क्लँटन कुटुंबप्रमुख प्रत्यक्षात त्या चकमकीच्या दोन महिने आधीच मरण पावले होते.

खरी चकमक २६ ऑक्टोबर १८८१ रोजी दुपारी तीनच्या सुमारास झाली, आणि तीही ओ. के. कोरल या घोड्यांच्या तबेल्यात नव्हे, तर त्याच्या मागच्या बाजूला, एका छायाचित्रकाराच्या घरालगतच्या अरुंद मोकळ्या जागेत. दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांपासून काही पावलांवर उभी होती. सुमारे तीस सेकंदांत जवळजवळ तीस गोळ्या सुटल्या आणि बिली क्लँटन, टॉम मॅक्लॉरी व फ्रँक मॅक्लॉरी हे तिघे ठार झाले. शहराचे मार्शल, म्हणजे पोलीसप्रमुख, वायट नव्हते, त्यांचे थोरले बंधू व्हर्जिल होते, आणि गावात शस्त्र बाळगून फिरण्यास मनाई करणाऱ्या नियमाची अंमलबजावणी करण्यासाठी ते निघाले होते.

माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान याच बाबतीत झाले आहे. तारखा, वये आणि टूम्बस्टोनपासून शेकडो मैल दूर, ॲरिझोनाच्या उत्तर सीमेवर असलेल्या मॉन्युमेंट व्हॅलीचे ते भव्य सुळके यांकडे एक वेळ काणाडोळा करता येईल. पण शस्त्रबंदीच्या नियमावरून उद्भवलेल्या संघर्षाला चित्रपटाने दोन घराण्यांमधले वैर करून टाकले. चकमकीनंतर न्यायाधीश वेल्स स्पायसर यांच्यासमोर सुमारे महिनाभर साक्षी-जबान्या झाल्या. खटला चालवण्याइतका पुरावा नाही, असा निर्णय देऊन त्यांनी अर्प व हॉलिडे यांना मोकळे केले. मात्र वायट आणि हॉलिडे यांना मदतीला घेण्यात व्हर्जिल यांनी अविचार केला, असा ठपकाही त्याच निर्णयात ठेवला. चित्रपटात यातले काहीही औषधालासुद्धा सापडत नाही.