५ वर्षांच्या भाच्याला ब्लड कॅन्सर निघालाय, रिपोर्टमध्ये एएलएल लिहिलंय, लगेच बोन मॅरो ट्रान्सप्लांट करावं लागेल का?

ताई, आधी थोडा श्वास घ्या. रिपोर्टमध्ये एएलएल (अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, ब्लड कॅन्सरचाच एक प्रकार) लिहिलंय म्हणताय ना, लहान मुलांत हाच कॅन्सर सगळ्यात जास्त दिसतो आणि बहुतेक मुलं नुसत्या केमोवर बरी होतात, ट्रान्सप्लांट सरसकट नाही लागत, आजार उलटला किंवा पहिल्या केमोला नीट दाद दिली नाही तर मग डॉक्टर तो विषय काढतात.

माझ्या पुतणीचं झालंय, कोथरूडलाच असतो आम्ही. पहिला महिना-सव्वा महिना जड जातो, मग टप्पे चालू राहतात, पाठीच्या मणक्यातून पण औषध देतात कारण मेंदूत कॅन्सरच्या पेशी लपून बसतात. सगळं मिळून दोन-अडीच वर्षं धरा. शेवटी घरी गोळ्या असतात त्यात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही!! आमच्या वहिनीने कॅलेंडरवर लाल पेनाने वार लिहून ठेवलेले.

आणि ताप १००.४ च्या वर गेला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघत बसू नका, रात्री दोन वाजले तरी थेट हॉस्पिटल गाठा.

पैशासाठी सरकारच्या महात्मा फुले योजनेचं हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. सेकंड ओपिनियनला परळचं टाटा आहेच, दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत पेशंटच्या लोकांची राहायची सोय होते. पुण्यात पण मुलांचे कॅन्सर डॉक्टर वेगळे असतात, मोठ्यांच्या डॉक्टरकडे नका अडकू, आमचा पहिला आठवडा त्यातच गेला.