बॉल हवेत असताना नजर कुठे असते?

“कोच म्हणतात, मन लावून खेळ. मी जीव तोडून धावतो, तरी मॅचमध्ये दोन-तीनच रिबाउंड हाती लागतात. माझ्यात जिगरच नाही का?” कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातल्या, बास्केटबॉल संघात फॉरवर्ड, म्हणजे रिंगच्या आसपास, खेळणाऱ्या एका मुलाने समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत विचारलेला हा प्रश्न. रिबाउंड म्हणजे चुकलेल्या शॉटचा, उसळून आलेला बॉल ताब्यात घेणं. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. शाळेच्या संघातून कॉलेजच्या संघात आलेले उंच खेळाडू थोड्याफार फरकाने हेच विचारतात, आणि येतानाच त्यांनी उत्तरही ठरवलेलं असतं: दोष माझ्या स्वभावात आहे.

त्याची उंची १.९१ मीटर. शाळेत सगळ्यांत उंच तोच. शॉट चुकला की रिंगखाली उभं राहायचं, हात वर करायचे, बॉल आपसूक हातात. कॉलेजमध्ये समोर आले ते त्याच्याइतकेच उंच आणि दहा-बारा किलोंनी जड खेळाडू. शिवाय नव्या संघात त्याच्याहून चांगले शॉट मारणारे दोघं आधीपासून होते, म्हणून कोचने सांगितलं, “तू रिबाउंड आणि डिफेन्स सांभाळ.” त्याला ऐकू आलं ते वेगळंच: “तुला स्कोअर करता येत नाही.” तेव्हापासून मॅचच्या आदल्या रात्री झोप नाही, आणि रोज प्रॅक्टिस संपल्यावर तासभर एकट्याने शॉट मारत राहणं. ज्या कामासाठी संघात घेतलं होतं, त्या कामाला मात्र रोज शून्य मिनिटं.

आधी कौशल्य पाहिलं, मन नंतर. हा क्रम मुद्दाम ठेवला. पाय कुठे टाकायचा हेच माहीत नसेल, तर धीराची चार वाक्यं पाठ करून मैदानात उतरलेला मुलगा पहिल्या पाच मिनिटांत ती विसरतो. म्हणून त्याला एकच काम दिलं. नुकत्याच हरलेल्या मॅचचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग घे. समोरच्या संघाचा बॉल हातातून सुटतो त्या क्षणी थांबव आणि तीनच गोष्टी लिही: माझा चेहरा कुठे आहे, माझा माणूस, म्हणजे समोरच्या संघातला मी ज्याला अडवायचं तो, कुठे आहे, माझं अंग त्याला लागलंय का.

तो मैदानात असताना समोरच्यांचे अठरा शॉट चुकले होते. तेरा वेळा त्याचा चेहरा रिंगकडे होता आणि पाय जागच्या जागी. माणसाला अंग लागलं होतं फक्त चार वेळा. त्याच्या माणसाने आतून येऊन पाच बॉल उचलले होते. हा कागद त्याने स्वतःच्या हाताने भरला होता, त्यामुळे समजवावं काहीच लागलं नाही. बराच वेळ कागदाकडे बघून तो म्हणाला, “मी तर प्रेक्षक आहे.”

जिगर या शब्दाबद्दल इथे थोडं बोलायला हवं. रिबाउंड म्हणजे बॉलची भूक, असं मैदानावर सर्रास म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे, पण शिकणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग नाही, कारण भूक वाढवायची कशी हे कुणी सांगत नाही. ६.७५ मीटरच्या तीन पॉइंट रेषेवरून सुटलेला बॉल हवेत जेमतेम सेकंदभर असतो. त्या सेकंदात बॉलकडे बघून काहीही मिळत नाही, तो अजून रिंगला लागलेलाच नसतो. तेवढ्या वेळात आपला माणूस शोधून त्याला अडवता मात्र येतं. उंचीचंही असंच. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये डेनिस रॉडमन १९९१-९२ ते १९९७-९८ असे सलग सात हंगाम रिबाउंडच्या सरासरीत पहिला होता. त्याची उंची सहा फूट सात इंच. बाहेरच्या जगात तो अवाढव्य, पण रिंगखाली खेळणाऱ्या ज्या उंच सेंटर खेळाडूंमध्ये घुसून तो बॉल काढायचा त्यांच्यापुढे बुटकाच.

मग बॉक्स आउट, म्हणजे आपल्या माणसाला पाठीने अडवून रिंगपासून दूर ठेवणं, मुळापासून शिकायला घेतला. शॉट सुटला की आधी मान वळवून माणूस शोधायचा. त्याच्या दिशेने एक किंवा दोन पावलं जायचं, कोपरात दुमडलेला हात आडवा धरून त्याच्या छातीला टेकवायचा. ढकलायचं नाही, टेकवायचा. तो कुठे निघालाय हे त्या हाताला कळतं. तो ज्या बाजूने जायला बघतो तिकडचा पाय त्याच्या वाटेत रोवायचा, त्यावर वळायचं आणि पाठ त्याला लावायची. आता कंबर खाली घ्यायची, जणू त्याच्या मांड्यांवर बसायचंय. पाय खांद्यांपेक्षा रुंद, कोपरं खांद्याच्या उंचीला, पंजे वर. एवढं झाल्यावर मग बॉलकडे बघायचं.

हे वाचायला सोपं आहे, बिघडतं मात्र ठरावीक ठिकाणी. या मुलाची पहिली चूक म्हणजे हात न टेकवताच वळणं. पाठ केल्यावर माणूस कुठे गेला हे दिसत नाही, आणि चपळ खेळाडू बाजूने निसटून आत येतो. दुसरी चूक, वळल्यावर ताठ उभं राहणं. ताठ माणसाला पाठीमागून सहज रेटता येतं. तो रेटला जात जात थेट रिंगखाली पोचायचा आणि बॉल डोक्यावरून मागे पडायचा. रिंगच्या बरोबर खाली फक्त जाळीतून आलेला बॉल मिळतो. तिसरी चूक यातून सुधारताना आली. वजन वापरायचं म्हटल्यावर तो कमरेने मागे ढकलायला लागला, आणि लागोपाठ दोन फाउल लागले. आपली जागा धरून ठेवणं नियमात बसतं, समोरच्याला त्याच्या जागेवरून हलवणं बसत नाही. त्याला खूण दिली ती टाचांची: टाचा जमिनीला रुतलेल्या असतील तर तू जागा धरली आहेस, टाचा मागे सरकल्या तर तू ढकलतोयस.

सरावासाठी मैदानाच्या मधलं वर्तुळ वापरलं. बॉल वर्तुळाच्या मध्यावर ठेवायचा, एक जण बाहेर, आपण आत. शिट्टी वाजली की त्याला तीन सेकंद बॉलला हात लावू द्यायचा नाही. पाच वेळा डावीकडून, पाच वेळा उजवीकडून. जमायला लागलं की तीनाचे पाच सेकंद. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला बारा मिनिटं. त्याहून जास्त नको, कारण हा सराव अंगावर येतो आणि दमलेलं अंग पुन्हा ताठ उभं राहायला लागतं. पहिल्या उडीत बॉल हाती आला नाही तर लागणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या उडीसाठी बोर्डला हात लावून सलग पाच उड्या, असे चार सेट, मध्ये मिनिटभर थांबा. उतरताना दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून. गुडघ्याच्या वाटीखाली दुखत असेल तर त्या दिवशी उड्या नाहीत, यात सवलत नाही.

बॉल कुठे पडेल याचा अंदाजही शिकता येतो. कॉर्नरमधून मारलेला शॉट चुकला की बॉल बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला जातो. लांबचा आणि सपाट शॉट दूर उसळतो, जवळचा रिंगजवळच पडतो. त्याला सांगितलं, सोबतच्या मुलांची शॉट प्रॅक्टिस चालू असताना एका बाजूला उभा राहा आणि बॉल सुटताच “लांब”, “डावीकडे” असं मोठ्याने बोल. बॉल धरायचाही नाही, फक्त बोलायचं. दहा मिनिटं. बॉल हातात आल्यावरचं काम वेगळं: दोन्ही हातांनी हनुवटीखाली घट्ट धरायचा, कोपरं बाहेर, आणि खाली आणायचाच नाही. कमरेपाशी आलेला बॉल छोट्या चणीचे गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारे खेळाडू, हमखास हिसकावतात. तिथून साइडलाइनकडे तोंड करून वळायचं आणि गार्डला पास.

डिफेन्सची गोष्ट निराळी निघाली. त्याची बैठक चांगली होती, पाय चपळ होते, तरी दर मॅचला चार फाउल. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो, म्हणून तिसऱ्या क्वार्टरपासून कोच त्याला बेंचवर बसवायचे. “मी आक्रमक खेळतो म्हणून होतं,” हे त्याचं स्पष्टीकरण. तेच रेकॉर्डिंग पुन्हा लावलं आणि या वेळी प्रत्येक फाउलच्या आधीचं अर्धं मिनिट पाहिलं. चारपैकी तीन फाउलच्या आधी त्याचीच चूक होती: एकदा सोपा शॉट सुटला, दोनदा पास चुकला. चूक झाली की पुढच्या वीस-तीस सेकंदांत तो बॉलवर हात मारायचा. गेलेलं लगेच परत मिळवायची घाई. समुपदेशनाचं खरं काम सापडलं ते इथे, आणि तेही मैदानावरच करायचं होतं.

चूक झाल्यावर काय वाटावं, यावर ताबा नसतो. पाय काय करतील हे मात्र ठरवता येतं. ठरलं ते एवढंच: चूक झाली की मागे वळून पहिली तीन पावलं पूर्ण वेगात, मग आपल्या माणसाचा नंबर मोठ्याने ओरडायचा, “आठ माझा!” ओरडताना श्वास सुटतो, नजर बेंचवरून माणसावर येते, सोबत्यांनाही कळतं कोण कुणाकडे आहे. पुढची अट, त्या डिफेन्समध्ये बॉलवर हात मारायचाच नाही. हात फक्त वर. अंग जागेवर ठेवून सरळ वर केलेले हात नियमात बसतात. फाउल होतो तो बहुधा हात पुढे झुकतो किंवा खाली येतो तेव्हा. सुरुवातीला त्याला ओरडायची लाज वाटायची. पहिल्या आठवड्यात तो पुटपुटायचा. त्याच्या गार्डने “ऐकू येत नाही रे” म्हटल्यावर आवाज निघाला.

क्लोजआउटमध्ये, म्हणजे शॉट मारणाऱ्याला अडवायला धावत जाण्यात, एक दुरुस्ती लागली. शॉट मारणाऱ्याकडे धावत जाताना तो शेवटपर्यंत त्याच वेगात जायचा आणि समोरचा एका ड्रिबलमध्ये बाजूने निघून जायचा. आता अर्धं अंतर धावत, शेवटची तीन पावलं छोटी, वजन मागे, एक हात वर, हातभर अंतरावर थांबणं. हेल्पला, म्हणजे सोबत्याच्या मदतीला, उभं राहताना एक पाय ‘की’मध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या आखलेल्या चौकोनात, बॉल आणि माणूस दोन्ही नजरेच्या टप्प्यात. आणि हलायचं ते पास हवेत असताना. पास पोचल्यावर हलणाऱ्याला उशीर होतो, मग उशीर झाकायला पुन्हा हात जातो.

भूमिकेबद्दलची बोच अजून शिल्लक होती. त्यावर आम्ही त्याला समजूत घातली नाही, कोचकडे एक प्रश्न घेऊन पाठवलं: “मी मैदानात असताना तुम्ही सगळ्यांत आधी काय बघता?” उत्तर आलं, “तुझ्या माणसाला दुसरा शॉट मिळू नये.” मन लावून खेळ, यापेक्षा हे कितीतरी चांगलं वाक्य आहे, कारण ते मोजता येतं. कोचनी ते आधीच म्हटलं असतं तर मुलाच्या कित्येक रात्रींची झोप वाचली असती, हेही खरं.

मोजायचं कसं, हाही प्रश्न होताच. एनबीएमध्ये ब्लॉक (शॉट हवेत अडवणं) आणि स्टील (बॉल हिसकावणं) यांची अधिकृत नोंद १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू झाली. आक्रमणातले आणि बचावातले रिबाउंड वेगळे लिहिणंही तेव्हापासूनचं. त्याआधी ही कामं होत नव्हती असं थोडंच आहे? साध्या स्कोअरशीटवर बॉक्स आउटला आजही रकाना नसतो. म्हणून बेंचवरच्या एका मित्राला वही दिली. समोरच्यांचा शॉट सुटला की एकच खूण: अंग लागलं, बरोबर, नाही लागलं, फुली. बॉल कुणाला मिळाला ते लिहायचंच नाही. त्याने माणूस अडवला आणि बॉल सोबत्याने घेतला, तरी वहीत बरोबरच.

सहा आठवड्यांनंतरच्या मॅचमध्ये समोरच्यांचे सोळा शॉट चुकले, बारांवर बरोबरची खूण. त्याच्या नावावर रिबाउंड पाच. आकडा फार फुगलेला नाही, आणि तो तसा फुगेल असं आम्ही म्हटलंही नव्हतं. पण त्याच्या माणसाला आतून एकच बॉल मिळाला, आणि फाउल दोन होते, त्यामुळे चौथ्या क्वार्टरला तो मैदानात होता. झोप सुधारली, पूर्ण नाही. शॉटचा सराव बंद केलेला नाही, करायचाही नव्हता; तासाची पंचवीस मिनिटं झाली आहेत.

वहीतल्या चार फुल्या त्याने स्वतःच वेगळ्या काढून आणल्या. तीन डाव्या बाजूच्या. डाव्या पायावर वळताना त्याचा उजवा पाय उशिरा येतो आणि माणूस तेवढ्या फटीतून निघतो. पुढचे तीन आठवडे वर्तुळातला सराव सात वेळा डावीकडून आणि तीन वेळा उजवीकडून.